वाचवलेला स्कॅन

काकू कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. इंजिनीअर लोक पेन्सिलीने यंत्रांचे नकाशे काढायचे, त्यावर पारदर्शक कागद पसरून तोच नकाशा शाईने पुन्हा काढायचा, हे त्यांचं काम. पुढे कॉम्प्युटर आले आणि हे काम संपलं. मी लहान होते तेव्हा मात्र भोपाळमधल्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये चार-पाच बायका तरी ते करत असत. काकू त्यातल्या सगळ्यात जुन्या. नागपूरहून आलेल्या.

आमचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर होतं आणि समोरचं दार काकूंचं. माझे वडील त्याच कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगला होते. आमच्या घरात पुण्याची मराठी, खाली अंगणात हिंदी आणि काकूंच्या स्वयंपाकघरात नागपुरी, अशा तीन भाषांत मी वाढले. काका मी चौथीत असताना गेले. काकूंना मूल नव्हतं. शाळेतून आले की मी आधी त्यांच्याकडे जायची, कारण त्यांची पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची आणि माझी आई तेव्हा झोपलेली असायची.

त्यांच्याकडे खराब झालेल्या नकाशांचे तुकडे असत. त्यावर मी रेघा गिरवायची. काकू शेजारी डाळ निवडत बसायच्या आणि मान वर न करता सांगायच्या, "जाड रेघ म्हणजे वस्तूची कड. बारीक म्हणजे माप. तुटक म्हणजे दिसत नाही, पण आहे." पुढे मी रेडिओलॉजी घेतली तेव्हा आईला वाटलं, ही मुलगी चांगली डॉक्टर व्हायची सोडून फोटो बघत बसणार. काकूंना मात्र त्यात काही नवल वाटलं नाही. त्या सगळ्यांना सांगायच्या, हिला रेघ मी शिकवली.

भोपाळमध्येच शिकले, मग हृदयाच्या इमेजिंगसाठी दोन वर्षं दक्षिणेत राहून आले. परत आल्यावर शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात लागले आणि अरेरा कॉलोनीत घर केलं. माझं काम सांगायला सोपं आहे. सीटी स्कॅनमध्ये शिरेतून आयोडीनचं औषध देतात, त्याला आम्ही डाय म्हणतो. ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांतून जाताना त्या कुठे अरुंद झाल्यात ते दिसतं. एमआरआयमध्ये हृदयाचा स्नायू दिसतो, कुठला भाग जिवंत आहे आणि कुठला नाही. माणूस पाऊण तास त्या बोगद्यात पडून असतो आणि मी काचेपलीकडून माइकवर सांगत राहते, "साँस लो. छोड़ो. अब रोको." दिवसातून किती वेळा हे म्हटलं असेल त्याला गणती नाही. घरी मुलाला ताप आला तरी माझ्या तोंडून आधी तेच निघायचं.

वडील निवृत्त झाल्यावर एकदा त्यांना आमचा विभाग बघायचा होता. रविवार होता, पेशंट नव्हते. मशीनच्या खोलीबाहेर उभे राहून त्यांनी कान दिला. आतून एकसारखा टुक-टुक आवाज येत होता.

"काम चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. मॅग्नेट थंड ठेवणारा पंप आहे तो. तो कधीच बंद करता येत नाही."

"तो ठीक. आणि हे बाकीचं?" त्यांनी हात फिरवला. सगळे कॉम्प्युटर, सगळे दिवे, दोन एसी, शेजारच्या खोलीतलं सीटी. सगळं चालू होतं. "नुसतं बसून किती वीज खाते ही?"

मला माहीत नव्हतं. दहा वर्षं मी त्या मशीनवर काम करत होते आणि ती किती वीज खाते हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. पुढच्या रविवारी बाबा त्यांचा जुना क्लॅम्प मीटर घेऊन आले. रुग्णालयाच्या इलेक्ट्रिशियनला त्यांनी तासाभरात आपलंसं केलं. दोघांनी पॅनेल उघडून एकेका वायरीभोवती तो चिमटा लावला आणि बाबांनी सगळं शाळेच्या वहीत लिहून घेतलं. वही माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "आमच्या क्वार्टरांची एक अख्खी लाइन चालेल यावर. आणि हे काही करत नसताना."

त्या वहीपासून माझ्या या नादाची सुरुवात झाली. काम संपलं की काय काय बंद करता येतं याची यादी आम्ही भिंतीवर लावली. सीटी संध्याकाळी पूर्ण बंद करायला लागलो. बाटलीत उरलेला डाय तोपर्यंत सर्रास बेसिनमध्ये ओतला जायचा. तो मी कॅनमध्ये जमा करायला लावला. हे औषध साध्या गाळणीने पाण्यातून निघत नाही. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हणजे ते तलावात जातं? आणि तोच तलाव आपण पितो?"

"अगदी थोडं, काकू. पण जातं."

"मग बंद करव ना माय ते," त्या म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. विभागात लोक मला कंटाळलेले असत, पण काकू आणि बाबा या दोघांना माझं म्हणणं पहिल्या वाक्यात कळायचं. कारखान्यात आयुष्य काढलेली माणसं होती ती.

हळूहळू मला बोलवायला लागले. डॉक्टरांच्या सभा, नर्सिंगच्या मुलींपुढे भाषण, महाराणा प्रताप नगरातल्या एका वर्तमानपत्राने फोटो छापला. काकूंनी ते कात्रण फ्रिजला चिकटवलं होतं. आणि भाषणं देता देता माझ्या लक्षात आलं, की दिवे बंद करून वाचतं ते थोडंच. खरी बचत म्हणजे ज्या स्कॅनची गरज नाही तो करायचाच नाही. वीज नाही, डाय नाही, प्लास्टिकच्या नळ्या नाहीत, पेशंटला रेडिएशन नाही. "सगळ्यात स्वच्छ स्कॅन म्हणजे न केलेला स्कॅन," असं वाक्य मी तयार केलं. ते लोकांना आवडायचं. मला तर फारच आवडायचं.

मग मी रोज दुपारी स्कॅनच्या मागणीचे कागद वाचायला बसू लागले. त्यातले कितीतरी खरोखरच निरर्थक असत. चाळिशीतला धडधाकट माणूस, कुठे काही दुखत नाही, शेजाऱ्याला झटका आला म्हणून घाबरलेला. दर सहा महिन्यांनी तोच स्कॅन मागणारे लोक. असे कागद मी लाल शेरा मारून परत पाठवायची. आधी सहकारी डॉक्टर कुरकुरले, मग त्यांना सवय झाली, आणि पुढे पुढे तर तरुण डॉक्टर लिहायच्या आधीच मला फोन करून विचारायला लागले. मी नाही म्हटलं की नाही.

बाबा त्याच सुमारास गेले. शांतपणे, झोपेत. त्यांची वही माझ्याकडे आहे.

बाबांनंतरच्या हिवाळ्यात, एका मंगळवारी, चार इमली या सरकारी बंगल्यांच्या वस्तीतून एक मोठे अधिकारी आले. त्रास काही नव्हता. "एकदा सगळं बघून टाकू," म्हणाले. मी त्यांना समजावून सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वाद घातला नाही, आणि बाहेर जाऊन एक फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला स्कॅन त्यांचा होता. रक्तवाहिन्या अगदी स्वच्छ निघाल्या. मीच रिपोर्ट लिहिला, मीच सही केली.

आणि गुरुवारी काकू आल्या.

त्या आमच्याच ओपीडीत एका तरुण डॉक्टरला दाखवून आल्या होत्या आणि त्याने हृदयाच्या सीटीसाठी कागद लिहून दिला होता. मी तो कागद बाकीच्या कागदांसारखाच बाजूला काढला होता. तीन वर्षांपूर्वी मीच त्यांचा स्कॅन केला होता आणि त्यात एका वाहिनीत चरबीचा थोडासा थर सोडला तर काही नव्हतं. नाव वाचलं आणि मी स्वतः बाहेर जाऊन त्यांना आत घेऊन आले. चहा मागवला.

"काय होतंय काकू?"

"काही नाही गं. वय झालं. त्या पोराने उगाच लिहिलं." त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. "सीढ्या चढताना मधे एकदा थांबावं लागते, बस."

निवृत्तीनंतर त्या टाउनशिपमध्येच राहिल्या होत्या. कारखान्यात माणसं कमी झाली, क्वार्टरं रिकामी पडली, तशी ती निवृत्तांना भाड्याने मिळायला लागली होती. त्यांना मिळालेलं दुसऱ्या मजल्यावर होतं.

"छातीत दुखतं?"

"छातीत नाही. इथे जड वाटते." त्यांनी जबड्याला हात लावला आणि हसल्या. "दाताचं असंल. एक दाढ कधीची हलते आहे."

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर. थांबलं की जाते."

हे सगळं त्यांनी मला सांगितलं होतं. मी विचारलं नाही असं झालं नाही आणि त्यांनी लपवलं असंही नाही. चढताना जबडा जड होतो, थांबलं की जडपणा जातो, आणि हे दिवाळीच्या आधी नव्हतं. हृदयाचं दुखणं कधीकधी असंच जबड्यात जाणवतं. परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याने एवढं ऐकून स्कॅन नको म्हटलं असतं तर मी त्याला नापास केलं असतं. त्रास नवा असला की जुन्या स्कॅनला अर्थ उरत नाही. बाबांच्या टेस्टिंगमध्ये ट्रान्सफॉर्मरचा आवाज बदलला तर गेल्या वर्षीचा रिपोर्ट चांगला होता असं म्हणून कुणी पुढे गेलं नसतं.

पण माझ्यासमोर पेशंट नव्हत्या, काकू होत्या. त्यांच्या दाढेबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले होते. आणि टेबलावर माझ्या पुढच्या आठवड्यातल्या भाषणाचे कागद पडले होते.

"काकू, तीन वर्षांपूर्वीचा स्कॅन छान होता. पुन्हा डाय, पुन्हा रेडिएशन, तुमच्या किडनीवर ताण. मला वाटतं नको. आधी दात दाखवून घ्या. रोज सपाटीवर थोडं चाला."

"तू म्हणतेस तर नको." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांना मशीनची भीती वाटायची हे मला माहीत होतं. उठताना म्हणाल्या, "तुझ्या मशीनची वीज पण वाचली!"

दोघी हसलो. मी त्यांना गेटपर्यंत सोडलं, रिक्षात बसवलं, आणि परत येऊन कागदावर शेरा लिहिला. त्या तरुण डॉक्टरने फोन करून विचारलं, "मॅडम, वो जबड़े वाला दर्द?" मी म्हटलं, मी बोलले त्यांच्याशी, मी त्यांना लहानपणापासून ओळखते.

पुढच्या आठवड्यात भाषण झालं. मोठा हॉल होता, बाहेरगावचे डॉक्टरही आले होते. शेवटच्या स्लाइडच्या आधी मी ती गोष्ट सांगितली. नाव न घेता. माझ्या शेजारच्या एक वृद्ध बाई, हातात स्कॅनचा कागद, दहा मिनिटांचं बोलणं, एक कप चहा, आणि एक स्कॅन वाचला. "आणि जाताना त्याच मला म्हणाल्या, तुझ्या मशीनची वीज वाचली." हॉलमध्ये हशा पिकला आणि मग टाळ्या. नंतर जेवणाच्या रांगेत दोघं-तिघं येऊन सांगून गेले, की तुमच्या त्या आजीबाई फार आवडल्या.

मे महिन्यात सकाळी दुधाच्या बूथवर काकू रांगेत उभ्या असताना खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. शेजाऱ्यांनी आधी टाउनशिपच्या दवाखान्यात नेलं, तिथून आमच्याकडे पाठवलं. वाहिनी पूर्ण बंद झाली होती. ती उघडली, स्टेंट बसवला. पण मधे बराच वेळ गेला होता. मी पोहोचले तेव्हा त्या अतिदक्षता विभागात होत्या आणि शुद्धीवर होत्या. मला बघून म्हणाल्या, "दूध तिथेच राहिलं."

दीड महिन्याने त्यांचा एमआरआय सांगितला गेला. स्नायूचं किती नुकसान झालं ते बघायला. मला तो दुसऱ्या कुणाला देता आला असता. सहकाऱ्याने स्वतःहून विचारलंही. पण मीच केला. माइकवर त्यांना मराठीत सांगत होते, "काकू, श्वास घ्या. सोडा. आता थांबा." आणि त्या प्रत्येक वेळी अगदी नीट थांबत होत्या. एकही चित्र हललेलं नव्हतं.

शेवटच्या चित्रांमध्ये निरोगी स्नायू काळा दिसतो आणि मेलेला भाग पांढरा. समोरची भिंत, मधला पडदा, खालचं टोक. सगळीकडे पांढरं होतं. हे वाचायला मला एक क्षणही लागला नाही, आणि तरी मी ती चित्रं पुन्हा पुन्हा वरखाली करत बसले.

तंत्रज्ञाने त्यांना बाहेर आणलं. कपडे बदलून त्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. "बघू दे ना," म्हणाल्या.

मी नको म्हणायला हवं होतं. खुर्ची दिली. त्या चष्मा सारखा करून पडद्याजवळ वाकल्या, जशा ड्रॉइंग बोर्डावर वाकत असतील तशा.

"हे पांढरं काय गं?"

"तिथला भाग आता काम करत नाही, काकू."

"आणि काळं?"

"ते चांगलं आहे."

"बरंच आहे की पांढरं." त्यांनी काचेला न टेकवता बोट हवेतून त्या कडेवरून फिरवलं. "कड साफ नाही याची." मग बोट खाली घेतलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तेव्हा तो स्कॅन केला असता तर दिसलं असतं?"

"पांढरं नसतं दिसलं. वाहिनी अरुंद झालेली दिसली असती. बहुतेक दिसली असतीच."

"मग?"

"मग औषधं बदलली असती. स्टेंट आधीच टाकला असता कदाचित."

त्यांनी चष्मा काढला. "तुला कुठे माहीत होतं," म्हणाल्या.

"कळायला हवं होतं, काकू. तुम्ही सांगितलं होतंत सगळं."

"मी पण तर हसले होते ना. दाढ म्हणाले." त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. "जाऊ दे. चल, मला रिक्षा बघून दे."

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. उलट टाउनशिपमध्ये कुणी म्हणालं की डॉक्टरीणबाईंनी आधी पकडायला हवं होतं, तर त्या माझ्या बाजूने भांडायच्या. हे मला दुसऱ्यांकडून कळायचं आणि मला ते सहन व्हायचं नाही.

त्या पुढे पावणेदोन वर्षं जगल्या. तळमजल्यावरचं क्वार्टर मी त्यांना मिळवून दिलं. लघवी होण्याच्या गोळ्या, मीठ बंद, पाणी मोजून. पायावर सूज यायची. बूथपर्यंतचं अंतर त्यांना जास्त वाटायला लागलं. मी दर रविवारी जायची. बरोबर काही ना काही न्यायची आणि त्या म्हणायच्या, हे सगळं कोण खाणार.

विभागात मी कागद परत पाठवायचे थांबवले नाहीत, पण पद्धत बदलली. जुना रिपोर्ट बघण्याआधी मी आता पेशंटला विचारते, यात नवीन काय आहे? आणि तो तरुण डॉक्टर, ज्याने तो कागद लिहिला होता, त्याची मी माफी मागितली. तो इतका अवघडला की मला पुढे बोलताच येईना. दिवे, एसी, डायचे कॅन हे सगळं चालू आहे आणि त्याबद्दल मला आजही काही चुकलं असं वाटत नाही. खुपतं ते दुसरंच. त्या आठवड्याच्या नोंदवहीत दोन नावं एका पानावर आहेत. ज्यांना गरज नव्हती त्यांचा स्कॅन झाला, कारण त्यांनी माझं ऐकलं नाही. काकूंचा वाचला, कारण त्यांनी ऐकलं. एवढी वर्षं मी जे वाचवत होते ते कुणाकुणाकडून वाचवत होते, हे मी कधी तपासलंच नव्हतं.

एका रविवारी मी काकूंना भाषणातली गोष्ट सांगितली. सांगून टाकायचंच होतं.

"काकू, तुम्हाला परत पाठवलं ना, त्यानंतर मी एका सभेत तुमचं उदाहरण दिलं होतं. स्कॅन वाचवला म्हणून."

त्या गादीवर दोन उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उजळला. "खरंच? नाव घेतलंस माझं?"

"नाही. पेशंटचं नाव घेता येत नाही."

"घ्यायचं होतं ना! ड्रॉइंग ऑफिसात होत्या म्हणून सांगायचं होतं." मग त्यांना काहीतरी सुचलं असावं. थोडं पुढे वाकून म्हणाल्या, "आणि पुढचं? पुढचं सांगितलंस?"

"नाही. ते भाषण आधीचं आहे."

"मग आता सांग. अर्धा नकाशा खाली वर्कशॉपमध्ये गेला तर लोक तसंच बनवून ठेवतात. मग कोणाला दोष देशील?"

"सांगते," मी म्हटलं.

तीन महिन्यांनी दुसऱ्या एका शहरात बोलावणं होतं. मी खरोखर स्लाइड तयार केली. एका बाजूला त्यांच्या हृदयाचं चित्र, दुसऱ्या बाजूला मी लिहिलेला शेरा. प्रवासात दोनदा मनाशी म्हणून पाहिलं. माझ्या आधीच्या वक्त्याने वेळ जास्त घेतला आणि अध्यक्षांनी मला थोडक्यात आटपायला सांगितलं. ती स्लाइड यायची होती तेव्हा तीन मिनिटं उरली होती. तीन मिनिटांत सांगून झालं असतं. मी बटण दोनदा दाबलं आणि पुढच्या स्लाइडवर गेले. समोर बसलेल्यांपैकी काहींनी पहिलं भाषण ऐकलं होतं. त्यातल्या एका बाईंनी नंतर विचारलं, "त्या आजी कशा आहेत?" मी म्हटलं, बऱ्या आहेत.

पुढच्या रविवारी काकूंनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, "सांगितलंस?"

मी पिशवी टेबलावर ठेवत होते.

"हो," मी म्हटलं.

"काय म्हणाले लोक?"

"गप्प झाले."

"होणारच." त्या गादीवर जाऊन बसल्या. दम लागला होता, तो खाली बसेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. "बरं झालं. आता त्यातला कोणी दुसरीला असं परत नाही पाठवणार." मग त्यांनी मला बूथवाल्याच्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं आणि विषय संपला. त्या दिवशी त्या बऱ्याच बोलल्या. मीच लवकर उठले.

त्या हिवाळ्यात त्या गेल्या. नागपूरहून त्यांचा भाचा आला, त्याने सगळं व्यवस्थित केलं. तेराव्याला क्वार्टरमध्ये तीस-चाळीस माणसं होती, बरीचशी कारखान्यातली, आता काठी घेऊन चालणारी. जेवणानंतर भाचा सगळ्यांना मी कोण ते सांगायला लागला.

"आत्या फोनवर नेहमी यांचं सांगायची," तो म्हणाला. "आपली चूक झाली म्हणून यांनी मोठ्या सभेत उभं राहून सांगितलं. शेकडो डॉक्टरांपुढे. आत्या म्हणायची, असं कोण सांगते आजकाल?"

काकूंबरोबर ड्रॉइंग ऑफिसात असलेल्या एक बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. "तिला फार समाधान होतं बरं का याचं," त्या म्हणाल्या. "मला तिने तीनदा सांगितलं."

माझ्याकडे सगळे बघत होते. भाचा चांगला मुलगा होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान हलवली. कुणीतरी चहाचा ट्रे घेऊन आलं, मी एक कप उचलला आणि त्या बाईंना विचारलं की त्यांच्या गुडघ्याचं आता कसं आहे.

त्यानंतरही माझी दोन भाषणं झाली आहेत. ती स्लाइड अजून फाइलमध्ये आहे. पडद्यावर येऊ नये अशी खूण करून ठेवलेली.